जन्माचा बोभाटा, मृत्यूचा हिशेब

१९२१ च्या जनगणनेत भारताची लोकसंख्या घटलेली निघाली. आजच्या भारताच्या सीमांपुरते पाहिले तर १९११ मध्ये ती २५ कोटी २१ लाख होती. दहा वर्षांनी २५ कोटी १३ लाख भरली. दर दहा वर्षांनी शिरगणती सुरू झाल्यापासून असे एकदाच घडले. त्या दशकात बायकांना मुले कमी झाली होती म्हणावे, तर तसे मुळीच नव्हते. दर हजार लोकसंख्येमागे वर्षाला ४८ च्या आगेमागे मुले जन्मत होती, म्हणजे आजच्या अडीचपटीहून जास्त. पण जवळजवळ तितकीच माणसे मरतही होती. सरासरी आयुर्मान २० वर्षांच्या आसपास होते. याचा अर्थ सगळे लोक विशीत मरत असा नव्हे. जन्मलेल्यांपैकी फार मोठा वाटा पाच वर्षांचाही होत नसे, आणि तोच आकडा सरासरीला खाली ओढत होता. पुढच्या नव्वद वर्षांत हाच देश २५ कोटींवरून १२१ कोटींवर गेला. या वाढीची चर्चा आपल्याकडे नेहमी जन्माच्या भाषेत होते: लोक फार मुले घालतात, अडाणी आहेत, अमुक समाज जास्त घालतो, कायदा करा, सवलती काढून घ्या. पण या काळात भारतीय कुटुंबे आपल्या आजोबा-पणजोबांपेक्षा जास्त मुले जन्माला घालू लागली, असे एकाही दशकाचे आकडे सांगत नाहीत. जन्मदर सुरुवातीला जागच्या जागी होता, नंतर उतरतच गेला. हलला तो मृत्यू. भारताच्या लोकसंख्येची गोष्ट मृत्यूपासून वाचायला घेतली, तर आपल्या बहुतेक भीतींचा क्रम उलटा लागतो, आणि पुढच्या तीस-चाळीस वर्षांत कशाची तयारी करायची तेही वेगळे दिसू लागते.

१९२१ पूर्वीचा मृत्यू कसा होता हे महाराष्ट्राला वेगळे सांगायला नको. १८७६ ते ७८ चा दख्खनचा दुष्काळ, मग १८९६-९७ आणि १८९९-१९०० असे पाठोपाठ दोन दुष्काळ, आणि त्यातच १८९६ मध्ये मुंबईच्या गोदीलगतच्या वस्तीत उतरलेला प्लेग. पुण्यातल्या प्लेगच्या बंदोबस्ताची आणि रँडच्या खुनाची कथा आपण शाळेत शिकतो, पण त्या साथीने मुंबई शहराची लोकसंख्याच कमी केली हे सहसा सांगितले जात नाही. १८९१ मध्ये मुंबईत ८ लाख २१ हजार माणसे होती. १९०१ मध्ये ७ लाख ७६ हजार. काही मेली, बरीच गावी पळाली. हाफकिन यांनी प्लेगची लस मुंबईतच तयार केली, तरी पुढची वीस वर्षे प्लेग देशभर फिरत राहिला आणि त्याने एक कोटीहून जास्त बळी घेतले. त्यावर कडी केली १९१८ च्या इन्फ्लुएन्झाने, ज्याला आपल्याकडच्या जुन्या माणसांनी मानमोडी म्हटले. तीही मुंबई बंदरातूनच शिरली, जूनमध्ये सौम्यपणे आणि सप्टेंबरनंतर जीवघेणी होऊन. त्या वर्षी पाऊसही दगा देऊन गेला होता. मृतांचे अंदाज सव्वा कोटीपासून दोन कोटींपर्यंत जातात, आणि मुंबई इलाखा सर्वांत जास्त पोळलेल्या भागांत होता. पटकी, देवी, हिवताप हे नेहमीचे, ते वेगळेच. अशा जगात सहा मुले होणे ही चैन नव्हती. सहांतली दोन-तीन मोठी झाली तर घर पुढे चालणार, असा तो व्यवहार होता. अशिक्षित म्हणून हिणवलेल्या त्या माणसांना संभाव्यतेचे गणित चांगलेच कळत होते.

राज्यकर्त्यांना मात्र ते तसे दिसले नाही. माल्थस हा नुसता पुस्तकातला विचारवंत नव्हता. १८०५ पासून तो ईस्ट इंडिया कंपनीच्या हेलीबरी येथील कॉलेजात प्राध्यापक होता, आणि हिंदुस्थानात कारभार करायला येणाऱ्या तरुण अधिकाऱ्यांच्या कित्येक तुकड्या त्याच्या हाताखालून गेल्या. लोकसंख्या अन्नापेक्षा वेगाने वाढते आणि दुष्काळ-रोगराई ती पुन्हा जागेवर आणते, ही शिकवण घेऊन आलेल्या माणसाला दुष्काळात मदत करणे म्हणजे निसर्गाच्या कामात ढवळाढवळ वाटावी यात नवल नाही. हा विचार ब्रिटिशांबरोबर गेला असेही नाही. ‘जास्त माणसे वाचवली तर जास्त माणसे उपाशी मरतील’ हे वाक्य वेगवेगळ्या शब्दांत आजही दिवाणखान्यात ऐकू येते. त्याचा समाचार पुढे घेऊ.

१९२१ नंतर मृत्यू का उतरू लागला, याला एक कारण नाही. साथींची पहिली धार बोथट झाली, रेल्वेमुळे आणि दुष्काळसंहितांमुळे धान्य हलू लागले, वीस-तीस वर्षे फार मोठा देशव्यापी दुष्काळ आला नाही. १९४३ चा बंगालचा दुष्काळ हा भयंकर अपवाद. तिथे सुमारे तीस लाख माणसे गेली, आणि तीही धान्य नव्हते म्हणून कमी, ते परवडत आणि पोचत नव्हते म्हणून जास्त. खरी घसरण स्वातंत्र्यानंतरची. १९४७ च्या सुमारास देशात वर्षाला साडेसात कोटी लोकांना हिवताप होई आणि आठ लाख मरत, असा अंदाज होता. १९५३ मध्ये राष्ट्रीय हिवताप नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला, गावोगाव भिंतींवर डीडीटी मारले गेले, आणि १९६५ पर्यंत रुग्णसंख्या लाखाच्या घरात आली. हिवताप पुढे परतला, पण पूर्वीच्या बळाने नाही. देवीचा शेवटचा रुग्ण १९७५ मध्ये सापडला. १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्रात पीक जवळपास बुडाले होते. तरी १८७६ ची पुनरावृत्ती झाली नाही, कारण मे १९७३ मध्ये सुमारे पन्नास लाख माणसे सरकारी कामांवर होती, खडी फोडत होती आणि त्या मजुरीवर धान्य विकत घेत होती. रोजगार हमीचा कायदा त्यातूनच आला. लोकसंख्येच्या इतिहासात या गोष्टींची नोंद ‘आरोग्य’ किंवा ‘दुष्काळ निवारण’ अशा वेगळ्या प्रकरणांत होते. वास्तविक १९५१ ते १९८१ या तीस वर्षांत ३६ कोटींचे ६८ कोटी झाले त्याचे स्पष्टीकरण इथेच आहे. १९६१ ते १९८१ या दोन दशकांत लोकसंख्या दर दहा वर्षांनी जवळपास पंचवीस टक्क्यांनी वाढली. त्या वाढीकडे देशाचे अपयश म्हणून पाहण्याची आपल्याला सवय लागली आहे. प्रत्यक्षात तो देशाने मिळवलेल्या सर्वांत मोठ्या यशाचा आकडा होता.

यश म्हणून कोणी तो पाहिला नाही, कारण तोवर जगभर दुसरीच भाषा रूढ झाली होती. १९६८ मध्ये पॉल एर्लिक यांचे ‘द पॉप्युलेशन बॉम्ब’ आले. त्याची सुरुवातच दिल्लीच्या गर्दीच्या वर्णनाने होते. सत्तरच्या दशकात कोट्यवधी माणसे भुकेने मरणार, असे त्यात ठामपणे सांगितले होते. तसे झाले नाही, पण गर्दीची धास्ती मात्र धोरणात घट्ट बसली. इथे एक गंमत नोंदवावीशी वाटते. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र उघडले ते १९२१ साली, म्हणजे ज्या वर्षी जनगणनेत लोकसंख्या घटलेली निघाली नेमक्या त्याच वर्षी. कर्व्यांना देशाची गर्दी कमी करायची नव्हती. बाळंतपणांनी खंगून जाणारी बाई आणि तिचा स्वतःच्या शरीरावरचा हक्क हा त्यांचा विषय होता, आणि त्यासाठी त्यांनी नोकरी घालवली, ‘समाजस्वास्थ्य’ चालवले, खटले अंगावर घेतले. १९३८ मध्ये आंबेडकरांच्या पक्षाने मुंबई विधानसभेत संततिनियमनाच्या प्रसारासाठी बिनसरकारी ठराव आणला, पी. जे. रोहम यांनी तो मांडला आणि सभागृहाने तो फेटाळला. त्यातही गरिबांच्या संसाराची आणि स्त्रीच्या आरोग्याची चिंता होती. १९५२ मध्ये भारताने सरकारी कुटुंबनियोजन कार्यक्रम सुरू केला, असे करणारा जगातला पहिला देश म्हणून. आणि पुढच्या पंचवीस वर्षांत बाईचा प्रश्न हळूहळू बाजूला सरून देशाचे लक्ष्यांक पुढे आले. कर्व्यांचे साधन सरकारने घेतले, त्यांचे कारण टाकून दिले.

हे कारण टाकल्याचा शेवट कुठे होतो ते आणीबाणीने दाखवले. १९७६-७७ या एका वर्षात देशात ८२ लाखांहून जास्त नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या, आदल्या वर्षाच्या तिपटीहून अधिक. त्यांत साठ लाखांवर पुरुष होते. शिक्षकांना माणसे आणण्याचे कोटे होते, रेशनकार्डापासून बढतीपर्यंत सगळे नसबंदीच्या दाखल्याला बांधलेले. यात महाराष्ट्र मागे नव्हता. तीन मुलांनंतर सक्तीच्या नसबंदीचे विधेयक याच राज्याच्या विधिमंडळाने १९७६ मध्ये मंजूर केले होते; राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून ते अमलात आले नाही. फुले-कर्व्यांचा वारसा सांगणाऱ्या राज्याने ही गोष्ट विसरून जाणे सोयीचे आहे, पण ती विसरू नये. परिणाम काय झाला? पुढच्या वर्षी शस्त्रक्रियांची संख्या दहा लाखांच्या आत आली. १९७७ ते १९८४ या काळात देशाचा जन्मदर हजारी ३३-३४ वर अडकून राहिला. आणि पुरुष नसबंदी कायमची बदनाम झाली. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात विवाहित स्त्रियांपैकी जवळपास ३८ टक्के स्त्रियांची शस्त्रक्रिया झालेली होती. ज्यांच्या नवऱ्याची झाली त्यांचे प्रमाण ०.३ टक्के होते. पुरुषांवरच्या सक्तीची किंमत पन्नास वर्षे बायका मोजत आहेत.

मग जन्मदर उतरला कशाने? कारण तो उतरला आहे, आणि भरपूर उतरला आहे. १९५० च्या दशकात एका स्त्रीला सरासरी सहाच्या आसपास मुले होत. १९९२-९३ मध्ये हा एकूण प्रजननदर ३.४ होता, २०१९-२१ मध्ये २.०, आणि सरकारच्या २०२३ च्या नमुना नोंदणी पाहणीनुसार १.९. आई-बाप दोघांची जागा दोन मुलांनी भरून काढायची, तर मध्ये होणारे मृत्यू धरून २.१ लागतात. म्हणजे भारतातली आजची पिढी आपली जागा पूर्णपणे भरून काढण्याइतकीही मुले जन्माला घालत नाही. महाराष्ट्राचा आकडा १.७ आहे, गोव्याचा १.३. १९९२-९३ ते २०१९-२१ या काळात पाच वर्षांच्या आत मरणाऱ्या मुलांचे प्रमाण हजारी १०९ वरून ४२ वर आले. दोन्ही उतार एकमेकांच्या मागेपुढे चालले, आणि कोण पुढे होते ते नीट पाहिले पाहिजे. मृत्यू आधी उतरतो. लोकांना त्याची खात्री पटायला वेळ लागतो. बापाने आपली तीन भावंडे गेलेली पाहिलेली असतात, तो दोन मुलांवर थांबायला धजत नाही. त्याच्या मुलाने मात्र सगळी भावंडे जगलेली पाहिलेली असतात. मधली ती एक पिढी, जिची मुले जगली पण जिचा विश्वास अजून बसला नव्हता, तिनेच साठ-सत्तरच्या दशकांची ‘विस्फोट’ म्हटलेली वाढ घडवली. ज्याँ द्रेझ आणि ममता मूर्ती यांनी १९८१ व १९९१ च्या जिल्हावार आकड्यांचा अभ्यास केला तेव्हा जन्मदर उतरण्याशी सगळ्यांत घट्ट संबंध स्त्रीशिक्षणाचा आढळला, त्याच्या जोडीला मुले जगण्याचा, आणि मुलाच्या हव्यासाच्या कमी-जास्तपणाचा. उत्पन्न वाढले म्हणून किंवा पुरुष शिकले म्हणून जन्मदर उतरतो, असे त्यात दिसले नाही. गडचिरोलीत अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ने नव्वदच्या दशकात गावातल्याच बायकांना नवजात बाळाची घरच्या घरी काळजी घ्यायला शिकवले; ३९ गावांत नवजात मृत्यूचे प्रमाण ६२ टक्क्यांनी कमी झाले, आणि पुढे तोच कार्यक्रम आशा कार्यकर्तींमार्फत देशभर नेला गेला. दवाखाना दूर, डॉक्टर नाही, रस्ता नाही, अशा ठिकाणी हे घडले, म्हणून त्याचे मोल. अशा कामाला लोकसंख्या धोरण म्हणायची आपल्याकडे पद्धत नाही. माझ्या मते पन्नास वर्षांतल्या सगळ्या घोषणा आणि कुटुंबनियोजनाच्या लाल त्रिकोणांपेक्षा तेच खरे लोकसंख्या धोरण होते.

इथे जाणकार वाचक हरकत घेईल, आणि ती वजनदार आहे. मृत्यू आधी उतरतो आणि मग जन्म, हा काही निसर्गनियम नाही. फ्रान्समध्ये अठराव्या शतकाच्या अखेरीसच जन्म कमी होऊ लागले, बालमृत्यूत मोठी घट होण्याच्या कितीतरी आधी. प्रिन्स्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी युरोपातल्या प्रांतांच्या नोंदी एकेक करून तपासल्या तेव्हा बालमृत्यू आणि जन्मदर यांचे घट्ट नाते त्यांना सगळीकडे सापडले नाही. फ्रान्स लांबचा, तर आंध्र प्रदेश घ्या. २००१ मध्ये तिथल्या निम्म्याच स्त्रिया साक्षर होत्या, अर्भकमृत्यू केरळ-तमिळनाडूच्या तुलनेत बराच होता, तरी २००५-०६ पर्यंत प्रजननदर १.८ वर आला होता. तिथे सरकारी शिबिरांतून झालेल्या शस्त्रक्रियांचा वाटा फार मोठा होता हे नाकारण्यात अर्थ नाही. तेव्हा युक्तिवाद थोडा आवरता घेतला पाहिजे. मुले जगू लागली की जन्म आपोआप कमी होतात असे नव्हे. साधने हाताशी लागतात, बाईला निर्णय घेता यावा लागतो, आणि कधी कधी शेजारच्या घराकडे पाहून लोक ठरवतात. पण जिथे मुले मोठ्या संख्येने मरत राहिली तिथे जन्मदर खाली येऊन टिकल्याचे उदाहरण भारतात मला दिसत नाही. आंध्रातही मृत्यू उतरतच होता, फक्त शेजाऱ्यांपेक्षा हळू. सक्तीने एका वर्षाचे लक्ष्य गाठता येते. कुटुंबाचा आकार बदलतो तो आई-बापांचा मुलांच्या आयुष्यावर भरवसा बसल्यावर.

दुसरी हरकत माल्थसच्या वंशातली. माणसे वाचवाल तर गर्दी वाढेल, म्हणून आधी जन्म आवरा. अमेरिकेत गॅरेट हार्डिन यांनी तर गरीब देशांना अन्नाची मदत करू नये असे उघड मांडले होते. याला उत्तर म्हणून राज्यांचे आकडे पुरेसे आहेत. नमुना नोंदणीप्रमाणे २०२० मध्ये केरळात हजार जन्मांमागे सहा अर्भके दगावली, मध्य प्रदेशात ४३. माल्थसचे खरे असते तर केरळात माणसे मावली नसती. जन्मदर मात्र केरळचा १३.२ आणि बिहारचा २५.५. ज्या राज्यांनी मुले वाचवली त्यांचीच वाढ मंदावली. थोड्या काळापुरती गर्दी वाढते हे खरे. तो दोन पिढ्यांमधला फरक आपण भोगून चुकलो. तो आता पुन्हा उगाळण्यात अर्थ नाही.

तिसरी हरकत सभांतून आणि मोबाइलवरच्या फॉरवर्डांतून येते: मुसलमान वाढत आहेत. मुस्लिम स्त्रियांचा प्रजननदर हिंदू स्त्रियांपेक्षा जास्त आहे, हे खरेच आहे. १९९२-९३ मध्ये तो ४.४ विरुद्ध ३.३ असा होता. २०१९-२१ मध्ये २.४ विरुद्ध १.९. म्हणजे जास्त वेगाने तोच उतरला आहे आणि दोहोंतले अंतर निम्म्याहून कमी झाले आहे. बिहारमधल्या हिंदू स्त्रीला सरासरीने केरळमधल्या मुस्लिम स्त्रीपेक्षा जास्त मुले होतात. धर्मापेक्षा राज्य, शाळा आणि दवाखाना यांचा हात मोठा आहे हे यावरून कळायला हरकत नाही. ज्यांना कळून घ्यायचे नाही त्यांच्यासाठी आणखी परिच्छेद खर्चण्यात हशील नाही.

मात्र लहान कुटुंबाच्या यशात एक काळी बाजू आहे, आणि तीही मृत्यूच्याच रकान्यात जाते. मुले दोनच हवीत, पण त्यातला एक मुलगा हवाच, असे ठरले की उरलेले काम सोनोग्राफीने केले. गर्भलिंगचाचणीवर कायद्याने बंदी घालणारे महाराष्ट्र हे पहिले राज्य, १९८८ मधले. आणि तरीही सहा वर्षांच्या आतल्या हजार मुलग्यांमागे मुलींची संख्या राज्यात २००१ मध्ये ९१३ होती ती २०११ मध्ये ८९४ झाली. बीड जिल्ह्यात ती ८०७ होती. केवळ जन्मांची संख्या कमी करणे हेच यश मानले तर बीडला शाबासकी द्यावी लागेल. म्हणूनच कर्वे बरोबर होते आणि लक्ष्यांकवाले चूक: बाईच्या निर्णयाचा प्रश्न बाजूला ठेवून कुटुंब लहान केले, तर त्या लहानपणाची किंमत मुलीच भरतात.

आता विचारले जाईल की प्रजननदर दोनच्या खाली गेला, मग लोकसंख्या अजून वाढते कशी? एप्रिल २०२३ मध्ये आपण चीनला मागे टाकले ते कसे? याचे उत्तर वयाच्या रचनेत आहे. वीस-पंचवीस वर्षांपूर्वी मोठ्या संख्येने जन्मलेल्या मुली आज आई होण्याच्या वयात आहेत. प्रत्येकीला दोनच, कित्येकींना एकच मूल झाले, तरी आयाच इतक्या आहेत की बाळांची एकूण संख्या मरणाऱ्यांपेक्षा जास्त राहते, कारण मरणाच्या वयाला पोचलेली पिढी तुलनेने लहान आहे. संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजानुसार भारताची लोकसंख्या २०६० नंतर लवकरच १७० कोटींच्या आसपास शिखर गाठेल आणि मग उतरेल. ही उरलेली वाढ बहुतेक आधीच ठरून गेलेली आहे; त्या आया जन्मलेल्या आहेत. आज दोन मुलांचा कायदा केला तरी तो त्यांची संख्या कमी करू शकत नाही. स्थानिक निवडणूक लढवायला दोनच मुले हवीत, सरकारी नोकरीला दोनच मुले हवीत, हे महाराष्ट्राचे नियम ज्या रोगावर आहेत तो इथे उरलेलाच नाही. आंध्र प्रदेशाने स्थानिक निवडणुकांतली अशीच अट २०२४ मध्ये काढून टाकली.

आणि तिकडे वारे एकदम उलटे फिरू लागले आहे. २०२४ च्या अखेरीस आंध्र आणि तमिळनाडूचे तेव्हाचे मुख्यमंत्री चंद्राबाबू नायडू आणि स्टॅलिन यांनी लोकांना जास्त मुले होऊ द्या म्हणून सांगितले. नागपुरात सरसंघचालक मोहन भागवत यांनी दोनहून अधिक, तीन मुले हवीत असे म्हटले. त्याच्या पाचच वर्षे आधी पंतप्रधान लाल किल्ल्यावरून लोकसंख्येच्या स्फोटाबद्दल चिंता व्यक्त करीत होते. विस्फोट आणि ऱ्हास या दोन भीती एकाच देशात एकाच वेळी चालू आहेत, आणि दोन्ही भीतींचे म्हणणे एकच: बायकांनी नेत्यांच्या गणिताप्रमाणे बाळंत व्हावे. दक्षिणेच्या चिंतेला राजकीय कारण मात्र खरे आहे. लोकसभेतल्या राज्यांच्या जागा १९७६ पासून १९७१ च्या लोकसंख्येवर गोठवलेल्या आहेत, आणि ती मुदत २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत आहे. जनगणना आता २०२७ मध्ये ठरली आहे. ज्यांनी मुले वाचवली, मुली शिकवल्या आणि म्हणून वाढ मंदावली, त्यांचाच संसदेतला वाटा कमी होणार असेल, तर तो अन्याय आहे. पण तो जागावाटपाचा अन्याय आहे आणि जागावाटपातच सोडवला पाहिजे. तमिळ किंवा मराठी बाईकडे तिसऱ्या मुलाचा आग्रह धरणे हा त्यावरचा उपाय नव्हे. शिवाय तिने ऐकले तरी ते मूल कामाला लागायला वीस-बावीस वर्षे जातील. तोवर पुण्या-मुंबईच्या बांधकामांवर आणि कारखान्यांत जे हात हवेत ते बिहार-उत्तर प्रदेशातून येतच आहेत, आणि त्यांना शिव्या देत त्यांच्याच कामावर आपण उभे आहोत.

खरे दुर्लक्ष झाले आहे ते येणाऱ्या मृत्यूंकडे. वरवर पाहता एक चमत्कारिक गोष्ट दिसते: २०२० मध्ये केरळचा मृत्युदर हजारी ७.० होता आणि बिहारचा ५.४. केरळात आयुर्मान ७५ वर्षांच्या घरात, बिहारमध्ये ते सत्तरीच्या आत, आणि तरी केरळात मरणारे जास्त! यात गूढ काही नाही. केरळात म्हातारी माणसे जास्त आहेत; २०२१ च्या अंदाजानुसार तिथे साठीपुढचे १६.५ टक्के, बिहारमध्ये ७.७ टक्के. सगळा देश याच वाटेने जाणार आहे. शंभर वर्षे उतरत आलेला मृत्युदर आता तळाशी पोचला आहे आणि यापुढे चढेल. तो चढणे म्हणजे आरोग्यव्यवस्था ढासळणे नव्हे. वाचलेली मुले वृद्ध झाली, एवढाच त्याचा अर्थ. पण हा मृत्यू जुन्या मृत्यूसारखा झटपट नाही. पटकी दोन दिवसांत माणूस नेत असे; मधुमेह, अर्धांगवायू, कर्करोग, स्मृतिभ्रंश यांना दहा-दहा वर्षे लागतात, आणि त्या दहा वर्षांत कोणालातरी घरी बसून आजाऱ्याचे करावे लागते. ते कोणीतरी बहुतेक वेळा सून किंवा मुलगी असते.

आणि हे मृत्यू आपण मोजतो तरी कसे? २०२० मध्ये देशात ८१ लाख मृत्यू नोंदवले गेले, २०२१ मध्ये १ कोटी २ लाख. एका वर्षात वीस लाखांहून जास्त वाढ. त्या वर्षीचे कोविडचे सरकारी बळी साडेतीन लाखही नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेने दोन वर्षांतले जादा मृत्यू ४७ लाख धरले, सरकारने ते अमान्य केले. म्हणणे कोणाचेही खरे असो, तो वाद मिटवण्याइतकी माहिती आपल्याकडे नव्हती, कारण नोंदल्या जाणाऱ्या मृत्यूंपैकी चारांतल्या एकाचेही कारण डॉक्टरने प्रमाणित केलेले नसते. प्रत्येक गरोदर बाईची नोंद अंगणवाडीपासून मंत्रालयापर्यंत जाते. माणूस कशाने मेला याची नोंद मात्र ग्रामसेवकाच्या अंदाजावर राहते. जन्मावर नजर आणि मृत्यूकडे पाठ ही सवय इथवर मुरलेली आहे.

जुन्या माणसांनी सहा मुले होऊ दिली त्यामागे म्हातारपणाचा हिशेब होता. निदान एक मुलगा हाताशी राहील, तो भात-भाकरी घालेल आणि शेवटी खांदा देईल. मुले जगू लागली तेव्हा लोकांनी तो विमा दोन मुलांवर आणला, मग एकावर. आणि ते एक मूल आता हिंजवडीला, बंगळुरूला किंवा टोरांटोला असते. सरकारने सत्तर वर्षे याच लोकांना सांगितले की मुले कमी होऊ द्या. त्यांनी ऐकले. मुले कमी झाल्यावर म्हातारपण कोण पाहणार, या प्रश्नाचे उत्तर त्या प्रचारात कधीच नव्हते. इंदिरा गांधी राष्ट्रीय वृद्धापकाळ निवृत्तीवेतन योजनेत ६० ते ७९ वयाच्या गरीब वृद्धाला केंद्र सरकारचा वाटा महिन्याला २०० रुपये आहे. तो २००७ पासून तेवढाच आहे. राज्याने भर घालून महाराष्ट्रात ही रक्कम १,५०० रुपयांपर्यंत नेली आहे, इतर काही राज्यांत ती पाचशेच्याही पुढे जात नाही. १९६०-७० च्या दशकांत जी पिढी ‘विस्फोट’ म्हणून जन्माला आली, जिला जन्मभर जादाची माणसे म्हणून मोजले गेले, ती आज नेमकी या वयात शिरते आहे.